मिरज ताम्रपट
कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील राजा मारसिंह याचा शके ९८० (इ. स. १०५८) मधील संस्कृत दानलेख. तो मिरज (जि. सांगली) येथे सापडला. त्यात घराण्याची वंशावळ दिली असून मारसिंहाचा पिता गोंक याच्या सत्तेखालील प्रदेशांत कऱ्हाड, कुंडी व कोकण यांबरोबर मिरिंज म्हणजेच मिरज याचाही उल्लेख आहे. अशी दाने आचंद्रार्क चालावीत या हेतूने दिली जात, परंतु इ. स. १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवाने दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि हे राज्य लयास गेले. दात्याची सत्ता सुमारे दीडशे वर्षांत संपली, ताम्रपट मात्र टिकला. तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेचा शिलाहारकालीन इतिहास मुख्यत्वे अशा कोरीव लेखांवरूनच कळतो.