प्रतिनिधि कोणाचा, मत कोणाचें? नागपूर ते लखनौ (१९०७–१९१६)

सुरतेच्या राष्ट्रीय सभेचें नांव निघालें कीं, मंडपांत भिरकावलेला दक्षिणी जोडा आणि मोडलेल्या खुर्च्या हेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें चित्र खोटें नाहीं. पण जोडा हा त्या कलहाचा शेवट होता, आरंभ नव्हे. आरंभ तीन महिने अगोदर नागपुरास झाला, आणि तो एका नियमावरून झाला. सभेचा अध्यक्ष कोणीं सुचवावा, त्यासाठीं कोणाचीं मतें धरावीं, आणि मतें आपल्या बाजूस पडत नाहींत असें दिसतांच सभेचें ठिकाण किंवा नियम बदलणें न्याय्य आहे काय, हे ते प्रश्न होत. जहाल व नेमस्त यांच्या राजकीय मतभेदाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांतील मोजणीच्या वादाचा तेवढा विचार करणार आहों.

१. पूर्वस्थिति

राष्ट्रीय सभा १८८५ सालीं मुंबईस स्थापन झाली. तथापि पुढील वीसबावीस वर्षें तिचा कारभार मुख्यत्वें वहिवाटीवरच चालला. प्रतिनिधि जाहीर सभांतून व निरनिराळ्या संस्थांकडून निवडले जात, आणि अशी सभा कोणीं बोलवावी यास फारसें बंधन नव्हतें. त्यामुळें अधिवेशन ज्या प्रांतांत भरे त्या प्रांताच्या लोकांची संख्या मंडपांत साहजिकच मोठी असे. दुसरी एक वहिवाट अशी होती कीं, यजमान प्रांतांतील गृहस्थास त्या वर्षीं अध्यक्ष करूं नये. ही वहिवाट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिला फार महत्त्व येणार आहे.

१९०६ च्या कलकत्ता अधिवेशनासाठीं लोकमान्य टिळकांचें नांव पुढें आलें, तेव्हां नेमस्त पुढाऱ्यांनीं ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींस अध्यक्षपदासाठीं पाचारण केलें. दादाभाईंपुढें दुसऱ्या कोणाचें नांव टिकणें शक्य नव्हतें. वाद टळला, पण मिटला नाहीं. त्या अधिवेशनांतील स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव सर्वांस ठाऊक आहेत. त्याच वेळीं झालेला अध्यक्षाच्या निवडीचा नियम मात्र पुष्कळांस ठाऊक नाहीं. स्वागत मंडळानें तीनचतुर्थांश मताधिक्यानें अध्यक्ष सुचवावा, आणि तितकें मताधिक्य न जमल्यास मध्यवर्ती स्थायी मंडळानें निर्णय करावा, असा तो नियम. पुढील अधिवेशन नागपुरास भरावयाचें ठरलें.

२. नागपूर

तीनचतुर्थांशाचा नियम वरवर पाहतां निरुपद्रवी दिसतो. सर्वांस मान्य असा अध्यक्ष मिळावा हा त्याचा उघड हेतु. पण अशा नियमाचा एक स्वभाव आहे. तो बहुमताच्या पक्षास एकट्यानें निर्णय करूं देत नाहीं, आणि चतुर्थांशाहून किंचित् अधिक मतें असणाऱ्या पक्षाच्या हातीं अडवणुकीचें सामर्थ्य देतो. सलोख्याच्या दिवसांत या सामर्थ्याचा कोणी उपयोग करीत नाहीं. चुरशीच्या दिवसांत तेंच मुख्य शस्त्र होतें.

नागपुरास असेंच झालें. डॉ. मुंजे प्रभृति राष्ट्रीय पक्षाचे लोक टिळकांच्या नांवास चिकटून राहिले. गंगाधरराव चिटणवीस प्रभृति नेमस्तांस तें नांव मान्य होईना. सप्टेंबर १९०७ मध्यें स्वागत मंडळाची सभा गोंधळांत मोडली. नोव्हेंबरांत मुंबईस वरिष्ठ मंडळाची बैठक होऊन अधिवेशन नागपूरहून सुरतेस नेण्याचा निर्णय झाला.

या निर्णयाचें परीक्षण करतांना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. नेमस्तांचें म्हणणें असें कीं, ज्या गांवीं स्वागत मंडळाची साधी बैठक पार पडत नाहीं त्या गांवीं देशभरच्या पाहुण्यांस कसें बोलवावें? हें म्हणणें पोकळ नव्हतें, आणि नागपूरच्या दंग्याचा दोष राष्ट्रीय पक्षावरून पूर्णपणें झटकतां येत नाहीं. परंतु मताधिक्य न जमल्यास काय करावें हें कलकत्त्याच्या नियमांतच सांगितलेलें होतें. त्यांत अध्यक्षाचा प्रश्न वरिष्ठ मंडळाकडे जावयाचा होता. अधिवेशनानें दुसऱ्या गांवीं जावयाचें नव्हतें. नियमांत उपाय असतां नियमाबाहेरचा उपाय योजला गेला. शिवाय सुरत मुंबई इलाख्यांत असल्यामुळें वर सांगितलेल्या वहिवाटीनें टिळकांचें नांव आपोआप बाद झालें. हेतु कांहींही असो, परिणाम एका पक्षाच्या सोयीचा झाला. आणि ज्याचा परिणाम असा एकतर्फी होतो त्या निर्णयावर दुसऱ्या पक्षाचा विश्वास बसत नाहीं.

३. सुरत

राष्ट्रीय पक्षानें मग लाला लजपतराय यांचें नांव पुढें केलें. लालाजी नुकतेच मंडालेच्या हद्दपारींतून सुटून आले होते. त्यांनीं स्वतःच तें नाकारलें. नेमस्तांनीं डॉ. रासबिहारी घोष यांस निश्चित केलें होतें.

२६ डिसेंबर १९०७ रोजीं तापीकांठच्या मंडपांत सुमारें १,६०० प्रतिनिधि जमले. दिवाणबहादुर अंबालाल साकरलाल देसाई यांनीं घोष यांचें नांव सुचविलें. अनुमोदनास सुरेंद्रनाथ बानर्जी उभे राहतांच गोंधळ होऊन सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशीं टिळकांनीं स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांस चिठी पाठवून तहकुबीची उपसूचना मांडण्याची परवानगी मागितली. उत्तर आलें नाहीं. अनुमोदन पुरें होऊन घोष अध्यक्ष झाल्याचें जाहीर झालें, तेव्हां टिळक व्यासपीठावर गेले. आणि पुढील प्रकार सर्वश्रुत आहे. तो जोडा फिरोजशहा मेहता व सुरेंद्रनाथ या दोघांसही लागला.

टिळक म्हणत, चिठी वेळेवर दिली होती, तेव्हां बोलण्याचा हक्क होता. माळवींचा पक्ष म्हणे, अध्यक्षाच्या निवडीवर उपसूचना येऊंच शकत नाहीं. या कायदेपंडितीपेक्षां आम्हांस दुसरीच गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. ज्या प्रश्नासाठीं तीन महिने भांडण चाललें आणि अधिवेशनानें गांव बदलला, त्या प्रश्नावर सुरतेच्या मंडपांत हात मोजून निकाल असा लागलाच नाहीं. मोजणीच्या वादांत मोजणी तेवढी राहून गेली.

४. दार बंद झालें

२८ डिसेंबरास नेमस्तांनीं स्वतंत्र परिषद भरविली. राष्ट्रीय पक्षाची बैठक अरविंद घोष यांच्या अध्यक्षतेखालीं निराळी झाली. एप्रिल १९०८ मध्यें अलाहाबादेस नेमस्तांच्या समितीनें राष्ट्रीय सभेची नवी घटना केली. साम्राज्यांतर्गत स्वराज्य व सनदशीर मार्ग हें ध्येय प्रत्येक प्रतिनिधीनें लेखी मान्य करावें, आणि प्रतिनिधि केवळ मान्यताप्राप्त समित्या व संस्था यांनींच निवडावे, असें तींत ठरलें. यांपैकीं पहिली अट राष्ट्रीय पक्षास तितकी जाचली नाहीं, जितकी दुसरी. जाहीर सभेचें दार बंद झालें, आणि उरलेल्या दारांच्या किल्ल्या प्रतिपक्षाच्या हातीं गेल्या.

२२ जुलै १९०८ रोजीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली व तो पक्ष निर्नायक झाला. पण विजयी पक्षाचें तरी काय झालें? १९०९ च्या लाहोर अधिवेशनास अवघे २४३ प्रतिनिधि आले. ज्यांना वगळलें ते गेलेच. जे आंत राहिले त्यांचाही उत्साह ओसरला.

५. दार उघडलें

जून १९१४ मध्यें टिळक मंडालेहून परतले. त्या वर्षाअखेर ॲनी बेझंट व सुब्बाराव पंतुलु यांनीं पुण्यास येऊन समेटाचा यत्न केला. गोखले प्रथम अनुकूल होते, नंतर मागें सरले. टिळक आंत येऊन सभेस अडवणुकीच्या राजकारणाकडे नेतील अशी त्यांस भीति वाटली. ती भीति प्रामाणिक होती. पण प्रतिस्पर्धी आंत येऊन काय करील या भयानें दार लावून घेणें हा नियम नव्हे, अंदाज आहे. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले व ५ नोव्हेंबरास फिरोजशहा मेहता निवर्तले. डिसेंबरांत सत्येंद्र प्रसन्न सिंह यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबईस अधिवेशन भरलें. २,२५९ प्रतिनिधि आले, आणि घटना बदलली. ज्या संस्थेस ३१ डिसेंबर १९१५ रोजीं दोन वर्षें पुरीं झालीं आहेत व सनदशीर मार्गानें साम्राज्यांतर्गत स्वराज्य हा जिचा एक उद्देश आहे, तिच्या विद्यमानें भरलेल्या जाहीर सभेस प्रतिनिधि निवडतां येऊं लागले. या दोन वर्षांच्या अटीचें मर्म पाहण्यासारखें आहे. वगळलेल्यांस दार उघडलें. पण उद्यां नव्या संस्था उभारून मतें फुगविण्यास वाव ठेवला नाहीं. एप्रिल १९१६ मध्यें बेळगांवच्या परिषदेंत राष्ट्रीय पक्षानें परत जाण्याचें ठरविलें, आणि त्याच वर्षीं अंबिकाचरण मुजुमदार यांच्या अध्यक्षतेखालीं लखनौस दोन्ही पक्ष एका मंडपांत बसले.

६. विचार

असा वाद आपल्याच देशांत होतो असें कोणी समजूं नये. २००८ सालीं अमेरिकेंत डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडतांना हाच प्रश्न उठला. चार संस्थानें सोडून इतरांनीं ५ फेब्रुवारीपूर्वीं मतदान घेऊं नये असा पक्षाचा नियम होता. मिशिगननें १५ जानेवारीस व फ्लॉरिडानें २९ जानेवारीस मतदान घेतलें. दोघांचेही सर्व प्रतिनिधि पक्षानें आधींच रद्द ठरविले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवरून ओबामा यांनीं नांव काढून घेतलें होतें. दोन्हीं ठिकाणीं हिलरी क्लिंटन पुढें राहिल्या; पुढें शर्यत चुरशीची होतांच त्यांच्या पक्षास मतदारांचा हक्क आठवला व ओबामांच्या पक्षास नियमाचें पावित्र्य. ३१ मे रोजीं समितीनें प्रत्येक प्रतिनिधीस अर्धें मत दिलें. ऑगस्टांत, निकाल निश्चित झाल्यावर, पूर्ण मत परत मिळालें. फ्लॉरिडाची तारीख ठरविणारें विधिमंडळ तर प्रतिपक्षाच्या ताब्यांत होतें. दोष कायदा करणाऱ्यांचा, दंड मतदारांस.

मीमांसकांनीं नित्य व काम्य कर्मांत एक भेद केला आहे. काम्य कर्मांत, फळाची इच्छा असल्यामुळें, सर्व अंगें यथासांग झालीं पाहिजेत. नित्य कर्म मात्र एखादें अंग उणें राहिलें तरी यथाशक्ति करावयाचेंच, टाकावयाचें नाहीं. हाच भेद येथें लावावा. अध्यक्षपद किंवा उमेदवारी हें काम्य. त्याची इच्छा धरणाऱ्यानें नियमाचें प्रत्येक अंग पाळलें पाहिजे. लोकांचें प्रतिनिधित्व हें नित्य. पुढाऱ्यांच्या प्रमादामुळें तें लुप्त होऊं नये. मोजलें न जाणें म्हणजे काय, हें आमच्या मराठवाड्यास निराळें सांगावयास नको. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच निजाम सरकारनें तीवर बंदी घातली, आणि ती १९४६ पर्यंत टिकली.

१९०७ सालीं नियमांची ओढाताण झाली ती उमेदवारांचीं नांवें डोळ्यांपुढें असतां. १९१५ चा बदल टिकला, कारण त्या वेळीं अमुक एक नांव जिंकविणें वा पाडणें हा प्रश्न उभा नव्हता. गोखल्यांची भीति पुढें एका अर्थीं खरीही ठरली: सभा टिळकांच्या मताकडे झुकली, आणि १९१८ सालीं नेमस्त स्वतः बाहेर पडून सुरेंद्रनाथांच्या अध्यक्षतेखालीं आपली निराळी परिषद भरवूं लागले. म्हणजे फूट टळली नाहीं. पण १९०८ सालीं नियम करून एका पक्षास बाहेर ठेवलें होतें. १९१८ सालीं जे गेले ते आपली मतें मोजलीं जातील हें जाणून, तीं थोडीं भरतील हेंही जाणून, आपल्या विचारानें गेले. पहिल्या फुटीनें सभा नऊ वर्षें दुबळी झाली, दुसरीनें झाली नाहीं. या दोहोंतील अंतर हेंच नागपूर ते लखनौ या प्रवासाचें फलित होय, असें आम्हांस वाटतें.

घाटनांदूर, जि. बीड