टाउनलँड : आयर्लंडच्या शिवारातील घरे, कुळे आणि कागद

आयर्लंडच्या पश्चिम भागात रॉसकॉमन काउंटीत किलग्लास नावाचा पॅरिश आहे. त्यातील बॅलीकिलक्लाइन हे सुमारे सहाशे एकरांचे शिवार. १८४१ च्या सुमारास येथे जवळपास पाचशे माणसे राहत होती. १८४८ साल सरेपर्यंत ही कूळवस्ती नाहीशी झाली, झोपड्या पाडल्या गेल्या आणि साडेतीनशेहून अधिक माणसे न्यूयॉर्कला पोहोचली. एवढ्या छोट्या वस्तीतील कुटुंबांची नावे, जमिनी आणि अर्जविनंत्या आज तपशिलाने वाचता येतात, याचे कारण विलक्षण आहे. या माणसांनी खंड देण्याचे नाकारले होते आणि तो खंड ब्रिटिश राजसत्तेचा होता. आज्ञाधारकपणे खंड भरणाऱ्या शेजारच्या शिवारांबद्दल सरकारदरबारी एवढे कागद कधीच तयार झाले नाहीत.

बॅलीकिलक्लाइनसारख्या घटकाला आयर्लंडमध्ये ‘टाउनलँड’ म्हणतात. शब्दात ‘टाउन’ असले तरी त्याचा शहराशी संबंध नाही. तो जमिनीचा सर्वांत लहान महसुली विभाग होय. प्रांत, काउंटी, बॅरनी, पॅरिश आणि शेवटी टाउनलँड अशी ही उतरंड आहे. बेटावर साठ हजारांहून अधिक टाउनलँड असून काही एखाद-दोन एकरांचे, तर काही हजारो एकरांचे आहेत. सरासरी क्षेत्र सव्वातीनशे एकरांच्या आसपास येते. त्यांपैकी बहुतेकांच्या सीमा इंग्रजी राजवटीहून जुन्या असून ओढे, बांध आणि दलदलीच्या कडेने जातात. नावे गेलिक भाषेतली. ‘बॅली’ म्हणजे वस्ती, ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘डेरी’ म्हणजे ओकची राई, ‘कॅरो’ म्हणजे जमिनीचा चौथा हिस्सा. १८३० च्या दशकात ऑर्डनन्स सर्व्हेने मैलाला सहा इंच या प्रमाणात साऱ्या देशाचे नकाशे काढले, तेव्हा जॉन ओ’डोनोव्हन या विद्वानाने गावोगावी फिरून ही नावे ऐकली आणि त्यांची इंग्रजी रूपे ठरवली. (याच मोजणीसाठी थॉमस कोल्बी यांनी तयार करवलेल्या धातूच्या मोजपट्ट्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी भारतात आणल्या आणि येथील त्रिकोणमितीय सर्वेक्षणात वापरल्या.) ग्रामीण आयर्लंडमध्ये घरांना क्रमांक नसत. पत्रावर माणसाचे आणि टाउनलँडचे नाव लिहिले की पोस्टमन घर शोधून काढी. प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक मिळाला तो थेट २०१५ मध्ये.

जमिनीच्या मालकीचा इतिहास मात्र सीमांइतका स्थिर नाही. सतराव्या शतकातील बंडे मोडून काढल्यावर क्रॉमवेलच्या राजवटीने कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी जप्त केल्या. जप्त जमीन सैनिकांना आणि सावकारांना वाटायची तर ती आधी मोजायला हवी, म्हणून विल्यम पेटी यांनी १६५५-५६ मध्ये साखळीने मोजणी केली. ती ‘डाउन सर्व्हे’ या नावाने ओळखली जाते. १६४१ मध्ये आयर्लंडची सुमारे ५९ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती, १७०३ मध्ये १४ टक्के उरली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने कॅथलिकांना एकतीस वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा घेण्यास बंदी केली. शिवारात नांगर धरणारी कुटुंबे बहुधा तीच राहिली, फक्त काल ज्यांची जमीन होती ते आज तिचे कूळ झाले.

एका शेतावर चार थर

अठराव्या शतकाअखेर एखाद्या टाउनलँडमध्ये किती कुटुंबे आणि कोणाची जमीन, हा प्रश्न सोपा राहिला नव्हता. सर्वांत वर जमीनदार, पुष्कळदा डब्लिनला किंवा लंडनला राहणारा. त्याच्याकडून शेकडो एकर पट्ट्याने घेणारा मक्तेदार. मक्तेदाराकडून पाच-दहा एकर घेणारे कूळ. त्या कुळाकडून झोपडी आणि बटाट्यापुरता तुकडा घेऊन त्याबदली मजुरीचे दिवस भरणारा ‘कॉटियर’. गोव्यातील वाचकाला येथे मुंडकाराची आठवण होईल. पण कॉटियरला घराच्या जागेवर कायद्याचे कसलेच संरक्षण नव्हते. त्याच्याही खाली, एका पिकापुरता अकरा महिन्यांसाठी जमिनीचा तुकडा घेणारे भूमिहीन होते. हा व्यवहार ‘कोनेकर’ म्हणून ओळखला जाई.

पश्चिमेकडे ‘रनडेल’ नावाची आणखी एक रीत होती. आठ-दहा कुटुंबे मिळून एकच पट्टा घेत, खंडाची जबाबदारी सामाईक असे. चांगली जमीन, मध्यम जमीन, दलदल यांत प्रत्येकाला वाटा मिळावा म्हणून एकेका घराच्या वाट्याला दहा-वीस विखुरलेले तुकडे येत आणि ठरावीक काळाने त्यांची अदलाबदल होई. घरे मात्र एकाच ठिकाणी दाटीने उभी असत. सुधारणावादी अधिकाऱ्यांना हा निव्वळ गोंधळ वाटे. खडकाळ डोंगरउतारावर सर्वांनी सारखाच धोका वाटून घेण्याची ती शहाणी व्यवस्था होती, असे म्हणायला जागा आहे. लोकसंख्या वाढली तशी ती मोडकळीस आली हेही खरे. मुलगा लग्न करी, बाप तुकडा तोडून देई, एका एकरात बटाटा कुटुंबाला जगवी, आणि पुढच्या पिढीत तो एकरही दुभंगे.

खंड वर्षातून दोनदा, बहुधा मे आणि नोव्हेंबरमध्ये भरायचा असे. नव्या कुळाला पहिला हप्ता सहा महिने उशिरा देण्याची सवलत अनेक ठिकाणी होती. वरवर ती दया दिसते. प्रत्यक्षात कूळ पहिल्या दिवसापासून थकबाकीदार ठरे आणि जमीनदाराला वाटेल तेव्हा त्या थकबाकीवर बोट ठेवून त्याला बाहेर काढता येई.

बॅलीकिलक्लाइनचा संप

बॅलीकिलक्लाइन ही राजसत्तेची जमीन होती, पण ती पट्ट्याने स्ट्रोक्सटाउनच्या मॅहन घराण्याकडे होती. १८३४ मध्ये पट्ट्याची मुदत संपली आणि मधला मालक बाजूला झाला. आता कुळांसमोर थेट सरकार उभे होते, आणि कुळांनी खंड देणे थांबवले. हा संप सुमारे बारा वर्षे चालला. नोटिसा निघाल्या, खटले झाले, बेलीफांना हुसकावून लावले गेले. कुळांनी वकील दिला, अर्ज केले. सरकारी अधिकारी आपापसांत पत्रे लिहीत राहिले. जमीन कोणाच्या ताब्यात आहे, पोटकुळे किती, झोपड्या किती याच्या याद्या झाल्या. एरवी जे पोटकूळ जमीनदाराच्या वहीत कधीच आले नसते, तेही या याद्यांमुळे कागदावर उमटले.

१८४५ च्या सप्टेंबरात बटाट्यावर करपा पडला. पुढच्या वर्षी पीक जवळजवळ पूर्ण गेले. १८४७ मध्ये सरकारने बॅलीकिलक्लाइनच्या कुळांपुढे पर्याय ठेवला तो असा : जमीन सोडा, सरकार अमेरिकेचे भाडे देईल. सप्टेंबर १८४७ पासून पुढच्या वर्षापर्यंत तुकड्यातुकड्यांनी कुटुंबे डब्लिन आणि लिव्हरपूलमार्गे न्यूयॉर्कला गेली. त्यांतली काही पुढे व्हर्माँटमधील रटलंडच्या संगमरवराच्या खाणींकडे वळली.

शेजारच्या मॅहन इस्टेटीची गोष्ट अधिक भीषण आहे. डेनिस मॅहन यांनी त्याच वर्षी सुमारे दीड हजार कुळांना क्वेबेकला धाडले. त्यांतील ‘व्हर्जिनियस’ जहाजावर ४७६ प्रवासी होते. १५८ जण समुद्रातच मेले. २ नोव्हेंबर १८४७ रोजी मॅहन यांची गोळ्या घालून हत्या झाली. या दोन शिवारांची तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. संप करणारे राजसत्तेचे कूळ न्यूयॉर्कला जिवंत उतरण्याची शक्यता इस्टेटीच्या कुळापेक्षा पुष्कळ अधिक होती.

देशभर जमीन मोकळी करण्यास कायद्याचीही मदत झाली. ज्या जमिनीचे मूल्यांकन चार पौंडांपेक्षा कमी, तिच्यावरचा गरीबनिधीचा कर जमीनदाराने भरायचा, असा नियम होता. म्हणजे लहान कूळ ठेवणे म्हणजे भुर्दंड. १८४७ च्या दुरुस्तीने पाव एकराहून अधिक जमीन असलेल्यास सरकारी मदत नाकारली. पोटाला हवे तर जमीन सोडणे भाग होते. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती, १८५१ मध्ये ती साडेपासष्ट लाखांवर आली. रॉसकॉमनने आपल्या लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा गमावला.

चार्ल्स ऑर्सर या पुरातत्त्वज्ञांनी बॅलीकिलक्लाइनच्या पाडलेल्या घरांच्या जागी उत्खनन केले, तेव्हा इंग्लंडमध्ये बनलेल्या नक्षीदार भांड्यांचे तुकडे निघाले. अधिकाऱ्यांच्या पत्रांतून दिसणारी रानटी, कफल्लक वस्ती आणि चिनीमातीची बशी विकत घेणारे हे घर यांचा मेळ सहज बसत नाही.

रकाने कसे वाचावेत

आपल्या पूर्वजांचे टाउनलँड शोधणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो जनगणनेचा. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचे सार्वजनिक दप्तरखाने स्फोटात जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक मूळ कागद गेले. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणना तर सरकारनेच नष्ट केल्या होत्या. त्यामुळे १९०१ पूर्वीचे घर पाहायचे तर कर वसूल करणाऱ्यांच्या वह्यांतूनच पाहावे लागते.

त्यातली पहिली नोंद १८२३ ते १८३७ मधील धार्मिक दशांशाची. प्रॉटेस्टंट चर्चसाठीचा हा कर कॅथलिक शेतकऱ्यांनाही द्यावा लागे. या वह्यांत जमीन कसणाऱ्याचे नाव येते, कॉटियरचे क्वचितच. येथे एक खोच आहे. क्षेत्र अनेकदा आयरिश एकरात दिलेले असते आणि आयरिश एकर म्हणजे १.६२ इंग्रजी एकर. हे न कळल्यास पुढच्या नोंदीत तेच शेत एकाएकी दीडपटीहून मोठे झालेले दिसते.

पुढची नोंद रिचर्ड ग्रिफिथ यांच्या मूल्यांकनाची. १८४७ ते १८६४ या काळात ते काउंटीगणिक छापले गेले. डावीकडे नकाशाचा क्रमांक, मग जमीन धारण करणारा, मग ज्याच्याकडून ती घेतली तो, पुढे घर, गोठा, जमीन असे वर्णन, क्षेत्र आणि मूल्य. या यादीत खरी मेख दुसऱ्या नावात असते. तेथे जमीनदाराऐवजी शेजारच्याच एखाद्या शेतकऱ्याचे नाव आले, तर पहिला माणूस त्याचे पोटकूळ. एकाच क्रमांकापुढे पाच-सहा नावे कंसाने जोडलेली दिसली, तर तेथे रनडेल अजून जिवंत आहे. नुसते ‘घर’ आणि जमिनीचा रकाना रिकामा, तर तो मजूर. स्त्रीचे नाव बहुतेक वेळा ती विधवा झाल्यावरच येते. तिच्या हयात नवऱ्याच्या काळात ती कोठेही नसते.

ग्रिफिथच्या नोंदी पुढे शंभराहून अधिक वर्षे दुरुस्त होत राहिल्या. मूल्यांकन कचेरीच्या वह्यांत जुने नाव खोडून वर वेगळ्या रंगाच्या शाईने नवे नाव लिहिले जाई. बापाच्या जागी मुलगा आला ते वर्ष बापाच्या मृत्यूचे असेलच असे नाही. पुष्कळदा ते मुलाच्या लग्नाचे वर्ष असते. दुष्काळानंतर जमीन वाटणे थांबले. एका मुलाला शेत, एका मुलीला हुंडा, बाकीच्यांना अमेरिकेचे तिकीट अशी रीत पडली. वारस मुलगा चाळिशीपर्यंत अविवाहित राहून आईवडिलांनी शेत नावावर करण्याची वाट पाहू लागला.

१८७९ मध्ये मायकेल डॅव्हिट यांच्या पुढाकाराने लँड लीग स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मेयो काउंटीत कॅप्टन बॉयकॉट या इस्टेट व्यवस्थापकावर परिसराने टाकलेल्या बहिष्कारातून इंग्रजीला एक नवा शब्द मिळाला. १८८१ च्या कायद्याने रास्त खंड आणि ताब्याची हमी दिली. निर्णायक ठरला १९०३ चा विंडम कायदा. सरकारने जमीनदाराला रोख रक्कम आणि वर बारा टक्के अधिलाभ दिला, तर कुळाने साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनी फेड करायची होती. वह्यांत जमीनदाराचे नाव खोडून त्या जागी मालकीचा शेरा आणि जमीन खरेदीचा शिक्का उमटू लागला. स्वतंत्र आयर्लंडने १९३२ मध्ये हे हप्ते लंडनला पाठवणे थांबवले. त्यावरून पेटलेले व्यापारयुद्ध १९३८ मध्ये एक कोटी पौंडांच्या तडजोडीने मिटले.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनांत अखेर सारे घर एकत्र दिसते. भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, समोर खिडक्या किती, खोल्या किती, डुकरांचा गोठा आहे की नाही. १९११ मध्ये विवाहितेला किती मुले झाली आणि त्यांतली किती हयात आहेत हेही विचारले होते. या दोन जनगणनांमध्ये अनेक वृद्धांचे वय दहा वर्षांत पंधरा-वीस वर्षांनी वाढलेले आढळते. १९०९ पासून सत्तरीवरील गरिबांना पेन्शन सुरू झाले होते आणि जन्मनोंदणी तर १८६४ पासूनची. वयाचा पुरावा म्हणून अर्जदार १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत आपले बालपणीचे नाव शोधून मागत. अर्जावर आईवडिलांची नावे आणि टाउनलँड लिहावे लागे. ती जनगणना पुढे जळाली, पण शोधाचे हे अर्ज टिकले. एखाद्या झोपडीत दुष्काळाच्या वर्षी कोण कोण होते, याचा काही घरांबाबतचा एकमेव पुरावा आज तोच आहे.

जमीन खरेदीचे व्यवहार पाहणारा लँड कमिशन १९९९ मध्ये बरखास्त झाला. त्याच्या दप्तरात लाखो शेतांचे नकाशे, पट्टे आणि मालकीहक्काची कागदपत्रे आहेत. पोर्टलीश येथील गोदामात ठेवलेले हे दप्तर अनेक वर्षे सर्वसामान्य अभ्यासकांना खुले नव्हते.