खिशातला गुळाचा खडा

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेचारला आम्ही नागपूरच्या लॉ कॉलेज चौकातून निघालो. अमरावती रोडने वाडीपर्यंत जाऊन परत, मग फुटाळा, मग सेमिनरी हिल्सचा चढ, असे ३० किलोमीटर करायचे होते. जानेवारीत मुंबईला माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन होती. सव्विसाव्या किलोमीटरला, फुटाळ्याकडून वर चढताना, मला एकाएकी सगळं नकोसं झालं. पाय तर मघापासूनच दुखत होते. हे वेगळं होतं. हे आपलं काम नाही, घरी पोरं झोपली असतील, मुंबईचं तिकीट रद्द करावं, असे विचार एकामागून एक आले आणि प्रत्येक विचार अगदी खरा वाटला. मी रस्त्याच्या कडेला बसलो.

सोबतच्या भाऊंनी समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, "खडा खाल्ला का रे?"

खिशातल्या पिशवीत गुळाचे सहाही खडे तसेच होते, घामाने एकमेकांना चिकटलेले. दोन खाल्ले, वर दोन घोट पाणी. दहा-बारा मिनिटांत मुंबईला जायचं पुन्हा ठरलं.

हा खडा खिशात आला कुठून, याचा शोध घेताना कळलं की, पळणाऱ्याने वाटेत काय खावं-प्यावं हे समजायला माणसाला फार वेळ लागला, आणि त्याची किंमत बऱ्याच जणांनी मोजली.

१९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन भर ऑगस्टात, दुपारी, बत्तिसेक अंश तापमानात, धुळीच्या रस्त्यावर झाली. आयोजकांपैकी जेम्स सुलिव्हान यांना पाण्यावाचून शरीराचं काय होतं ते पाहायचं होतं, म्हणून वाटेत पाणी जेमतेम ठेवलेलं. ३२ जण निघाले, १४ पोचले. विजेत्या थॉमस हिक्सला त्याच्या माणसांनी वाटेत अंड्याच्या पांढऱ्यात स्ट्रिकनीन कालवून दिलं, वर ब्रँडी. स्ट्रिकनीन म्हणजे कुचल्याचं विष. तेव्हा ते उत्तेजक समजलं जाई. क्यूबाच्या फेलिक्स कार्वाहालने वाटेतल्या बागेतली सफरचंदं खाल्ली, पोटात कळा आल्या, तरी तो चौथा आला. मला या शर्यतीत त्याचीच बाजू घ्यावीशी वाटते. त्याला भूक लागली होती आणि त्याने खाल्लं.

मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतर आलं १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून. अथेन्सला १८९६मध्ये जेमतेम ४० किलोमीटर होते. लंडनला शर्यत विंडसर कॅसलपासून निघून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपवायची ठरली आणि दोनेक किलोमीटर वाढले. १९२१मध्ये हेच अंतर कायमचं झालं. त्या लंडनच्या शर्यतीत दक्षिण आफ्रिकेचा चार्ल्स हेफेरॉन पुढे होता. शेवटच्या टप्प्यात कुणीतरी पुढे केलेली शॅम्पेन तो प्यायला आणि पोट धरून मागे पडला. इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये पहिला शिरला, पण उलट्या दिशेने वळला, पुन्हा पुन्हा कोसळला, पंचांनी हात देऊन त्याला रेघेपार नेलं आणि त्यापायी तो बाद ठरला. लोकांनी ती जिद्दीची गोष्ट म्हणून जपली. मला त्या उलट्या वळणात रिकामी टाकी दिसते.

आपल्याकडे ऑलिंपिकच्या पळण्याची सुरुवात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर झाली. १९१९मध्ये दोराबजी टाटांनी तिथे खेड्यापाड्यांतून आलेली मुलं अनवाणी पळताना पाहिली आणि ही पोरं ऑलिंपिकला जायला हवीत असं त्यांच्या मनाने घेतलं. १९२०ला अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत. तिथला रस्ता आजच्यापेक्षाही लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. हे नाव आपल्या शाळांतून ऐकू येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गुळाच्या जवळ पहिल्यांदा पोचले ते बोस्टनचे डॉक्टर. १९२४च्या बोस्टन मॅरेथॉननंतर सॅम्युएल लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी धावपटूंचं रक्त तपासलं. पांढरेफटक पडलेले, गोंधळलेले जे होते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना वाटेत गोळ्या-मिठाई दिली आणि साखर टिकली, माणसंही टवटवीत राहिली. इतकी साधी गोष्ट! पुढे १९६६मध्ये स्वीडनचे बर्गस्ट्रोम आणि हुल्टमन हे दोघे एकाच व्यायामाच्या सायकलला दोन बाजूंनी बसले. प्रत्येकाने एकच पाय चालवला आणि सुईने स्वतःच्याच मांडीच्या स्नायूचे तुकडे काढून तपासले. राबलेल्या पायातला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, संपलेला होता. तीन दिवस भरपूर भात-बटाट्यासारखं पिष्टमय खाल्ल्यावर तो दुसऱ्या पायाच्या दुप्पट भरला.

इथून हिशेब सोपा आहे. पळताना किलोमीटरमागे किलोला साधारण एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला २,७०० कॅलरी हव्यात आणि साखरेचा साठा असतो दोनेक हजारांचा. अंगात चरबी पुष्कळ असली तरी ती सावकाश जळते. म्हणून तीस-बत्तीस किलोमीटरला पाय शिशाचे होतात. मेंदूही मुख्यतः साखरेवर चालतो, त्यामुळे त्याच सुमारास डोक्यात 'सोड' सुरू होतं. २००४मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी सायकलपटूंना पिष्टमय पदार्थाच्या द्रावणाने नुसत्या चुळा भरायला लावल्या, गिळू दिलं नाही, तरी त्यांची वेळ सुधारली. तोंडात इंधन आल्याची खबर मेंदूला आधी पोचते. फुटाळ्याच्या चढावर मला इतक्या लवकर हुशारी आली ती बहुधा अशी. तेव्हा अर्ध्यात थांबलेल्या माणसाला 'मन कच्चं' म्हणणं मी सोडून दिलं आहे.

पाण्याचं प्रकरण मात्र उलट टोकाला गेलं. 'तहान लागायच्या आधी प्या' हा सल्ला इतका रुजला की लोक पोट टम्म होईस्तोवर पिऊ लागले. दक्षिण आफ्रिकेचे डॉ. टिम नोक्स यांनी १९८५मध्ये दाखवून दिलं की जास्त पाण्याने रक्तातलं मीठ घटतं आणि धावपटू बेशुद्ध पडू शकतो. २००२च्या बोस्टनमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांचं मीठ असं उतरलेलं होतं.

नागपूरकराला यात खास जपावं लागतं. इथल्या कोरड्या थंडीत घाम दिसतच नाही, टोपीवर पांढरी रेघ उमटते तेव्हा मीठ गेल्याचं कळतं. मुंबईत जानेवारीतही घाम सुकत नाही, नुसता गळतो, अंग थंड होत नाही. म्हणून सगळी तयारी नागपुरात करूनही मी मुंबईत वेग किलोमीटरमागे वीस सेकंदांनी कमी ठेवला. दर पाऊण तासाला दोन खडे आणि तहानेपुरतं पाणी.

पेडर रोडचा चढ येतो तेव्हा पस्तीसेक किलोमीटर झालेले असतात. माझे खडे संपले होते. कडेला इमारतीखाली एक आजी स्टीलचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात सोललेल्या संत्र्याच्या फोडी, वर मीठ भुरभुरलेलं. "घे बाळा, दोन घे," त्या म्हणाल्या. मी तीन घेतल्या. एक बी दाताखाली आली, कडू लागली, आणि चढ संपेपर्यंत ती कडू चव तोंडात राहिली.