नाकात तेल की मीठ-पाणी?

विहिरीत किंवा नदीत पोहताना नाकात पाणी गेले की नाक चुरचुरते. अश्रू मात्र डोळ्यांच्या कोपऱ्यातून नाकात सतत उतरत असतात, तरी आपल्याला ते जाणवतही नाही. दोन्ही पाणीच, मग फरक कशाचा? फरक मिठाचा. नेमक्या किती मिठाचा, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. तान्ह्या बाळाचे नाक चोंदते तेव्हा हेच उत्तर घराघरांत उपयोगी पडते.

मोठ्यांना सर्दी म्हणजे चार दिवसांची कटकट. तान्ह्याचे तसे नसते. पहिले काही महिने बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. त्याचे स्वरयंत्र घशात बरेच वर असते, त्यामुळे दूध ओढणे आणि श्वास घेणे यांचा मेळ त्याला बसवता येतो. नाक बंद झाले की हा मेळ बिघडतो. बाळ दोन घोट घेते, स्तन सोडून रडते, आणि उपाशीच राहते.

मिठाच्या प्रश्नाची सुरुवात झाली ती वनस्पतींपासून. १८८०च्या दशकात हॉलंडमध्ये ह्यूगो द व्ह्रीस हे वनस्पतिशास्त्रज्ञ निरनिराळ्या तीव्रतेच्या द्रावणांत वनस्पतींच्या पेशी ठेवून त्या कधी आक्रसतात ते पाहत होते. त्यांचेच देशबांधव हार्टोग हॅम्बर्गर यांनी तीच कल्पना रक्ताला लावली. कमी मिठाच्या पाण्यात तांबड्या रक्तपेशी फुगून फुटतात व त्यांचा रंग पाण्यात उतरतो. जास्त मिठाच्या पाण्यात त्या आक्रसतात. बेडकाच्या ऊतींवरील प्रयोगांत सुमारे ०.६ टक्के मिठाचे पाणी वापरले जाई. माणसाच्या रक्ताशी जुळणारे प्रमाण ०.९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लिटरला सुमारे ९ ग्रॅम आहे, हे हॅम्बर्गर यांनी दाखवले. हे समपरासारी द्रावण नाकाच्या नाजूक अस्तरालाही मानवते. ते झोंबत नाही, आणि सुकलेला शेंबूड मऊ करून सुटा करते.

घरोघरी मात्र वेगळाच उपाय रूढ होता: तेल. आपल्याकडे बाळाच्या मालिशीनंतर नाकात तेलाचे थेंब सोडण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पाश्चात्त्य देशांतही खनिज तेलातील नाकाचे थेंब सर्रास वापरले जात. १९२५ मध्ये टोरोंटो येथील लाफ्लेन या विकृतिशास्त्रज्ञांनी अशा तेलानंतर झालेल्या न्यूमोनियाचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णांत लहान मुले होती. पाणी श्वासनलिकेत गेले तर ठसका लागतो. तेल मात्र गुपचूप आत उतरू शकते. फुप्फुसातील भक्षक पेशी ते गिळतात, पण सहजी पचवू शकत नाहीत, आणि तेथे दाह सुरू होतो. १९७३ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दक्षिण भारतातील बालकांच्या अशाच न्यूमोनियाची माहिती प्रसिद्ध झाली. मालिशीबद्दल आमचे काही म्हणणे नाही. तेल अंगाला लावावे, नाकात घालू नये.

पुढे सर्दीच्या औषधांचीही फेरतपासणी झाली. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी दोन वर्षांखालील मुलांना दुकानातून परस्पर घेतलेली सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे बजावले. २०२३ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्यास सांगितले.

मग घरी काय करावे? औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मीठ-पाण्याचे थेंब दूध पाजण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन सोडावेत. घरी अंदाजाने पाणी करू नये. चिमूट प्रत्येकाची वेगळी असते आणि पाणी निर्जंतुक राहीलच असे नाही. थोड्या वेळाने स्वच्छ मऊ कापडाची ओली वात करून शेंबूड टिपून घ्यावा. कापूर-मेंथॉलचे मलम दोन वर्षांखालील मुलांना लावू नये. उकळत्या पाण्याची वाफ देऊ नये, कारण भाजण्याचा धोका मोठा असतो. बाळ दूध पीत नसेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल, तर थेंबांवर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे.

शिक्षकांनी परासरण शिकवताना बटाट्याचा एक काप साध्या पाण्यात आणि दुसरा मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवून पाहावा. पहिला कडक होतो, दुसरा लिबलिबीत. मुले कारण शोधू लागली की त्यांना हॅम्बर्गरांचे काम सांगावे, आणि नाकातल्या तेलाची गोष्टही. वर्गातल्या अनेकांच्या घरी एखादे तान्हे भावंड असते. ही गोष्ट त्यांच्या आई-आजीपर्यंत पोहोचवायला त्यांच्याइतका चांगला निरोप्या आम्हाला दुसरा दिसत नाही.