चिलटाचें घड्याळ आणि रातपाळी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत कारखान्यांना रात्र अशी उरलेलीच नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, मागाहून मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि पाळ्यांचें चक्र चोवीस तास फिरूं लागलें. मनुष्यदेहांतील घड्याळ मात्र पाळीचा तक्ता जाणत नाहीं. तें प्रकाशाच्या आज्ञेंत असतें. या आज्ञेचें मर्म शास्त्रज्ञांस कळलें, तें बव्हंशीं पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या क्षुद्र चिलटांपासून.

१७२९ सालीं फ्रान्समध्यें द मेराँ यांनीं लाजाळूच्या जातीचें एक रोप अंधारांत ठेविलें; तरी त्याचीं पानें नेमल्या वेळीं मिटत व उघडत राहिलीं. घड्याळ आंतच आहे, हें त्यावरून दिसलें. पण तें लावतें कोण? विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत कॉलिन पिटेंड्रिघ यांनीं अंधारांतील चिलटांच्या कोशांवर क्षणभर प्रकाश पाडून पाहिला. रात्रीच्या आरंभीं पाडल्यास घड्याळ मागें पडे, अखेरीस पाडल्यास पुढें जाई, आणि दिवसाच्या वेळीं पाडल्यास फारसा फरक होत नसे. आपल्याकडेही अहमदनगर कॉलेजांत दिलीप जोशी यांनीं हिमालयांतील उंच ठिकाणच्या चिलटांचीं घड्याळें अभ्यासिलीं.

१९७१ सालीं कोनोप्का व बेंझर यांना एकाच जनुकांत बिघाड झालेलीं तीन प्रकारचीं चिलटें आढळलीं: एकाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला दिवसच नाहीं. १९८४ सालीं हॉल, रॉसबॅश व यंग यांनीं तो ‘पिरियड’ जनुक हस्तगत केला. २०१७ चें नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळालें. ‘पिरियड’ आणि ‘टाइमलेस’ हीं प्रथिनें रात्रीं सांचतात व स्वतःचीच निर्मिति थांबवितात. प्रकाश पडतांच ‘क्रिप्टोक्रोम’ नांवाचें तिसरें प्रथिन ‘टाइमलेस’चा नाश घडवितें. सांठा होत असतां नाश झाला तर घड्याळ मागें पडतें. सांठा सरत आला असतां झाला तर पुढें जातें.

मनुष्यांतही ‘पिरियड’चींच भावंडें काम करतात, मात्र प्रकाशाची वर्दी डोळ्यांवाटें जाते. रातपाळी संपवून घरीं निघालेल्या कामगाराच्या डोळ्यांवर कोंवळें ऊन पडतें आणि त्याचें घड्याळ पुनः दिवसाला बांधलें जातें. दुपारीं तो अंथरुणावर पडतो, पण देह जागा असतो. घड्याळ सांवरतें न सांवरतें तोंच पाळी बदलते. २००७ सालीं जागतिक कर्करोग-संशोधन संस्थेनें असें काम कर्करोगास संभवतः कारण होणाऱ्यांत गणलें. म्हणून कामगाराच्या निद्रानाशास आळस म्हणूं नये. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमानें फिरविल्यास देहाला कमी जाचतात. कारण मनुष्याच्या घड्याळास पुढें ढकलण्यापेक्षां मागें पडणें सोपें जातें. तक्ता आंखणाऱ्यानें एवढें तरी ध्यानीं ठेवावें.