एकतीस की बत्तीस? : वर्तुळाचे एक कोडे आणि लीलावतीची परंपरा



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी गणितातील कोडे निवडावे, याचे आपणांस नवल वाटेल. या निवडीमागे एक जुने ऋण आहे. त्याचा उल्लेख शेवटी करीन. आधी कोडे सांगतो.

एका वर्तुळाच्या परिघावर काही बिंदू घ्यावेत आणि प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंशी सरळ रेषेने जोडावा. मात्र वर्तुळाच्या आत तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत, एवढे पाहावे. वर्तुळाचे भाग किती होतील? एकच बिंदू असता रेषाच नाही, म्हणून भाग १. दोन बिंदूंना २ भाग, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६. मग सहा बिंदूंना किती? कोणीही ३२ म्हणेल. प्रत्यक्षात भाग ३१ होतात. आधुनिक गणितात हे कोडे कॅनडातील गणितज्ञ लिओ मोझर (१९२१–१९७०) यांच्या नावाने ओळखले जाते. पण ते उलगडण्याचे साधन आपल्या खानदेशाच्या मातीत फार पूर्वीच जोपासले गेले होते.

आज आपला बऱ्हाणपूर जिल्हा मध्य प्रदेशात आहे. तथापि फारुकी सुलतानांच्या काळी हे शहर खानदेशची राजधानी होते. याच खानदेशात, चाळीसगावजवळील पाटण येथे, शके ११२८ म्हणजे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, असे तो सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी तो विद्वानांपुढे आणला. ज्या ग्रंथांसाठी हा मठ उभा राहिला, त्यांतील मुख्य ‘सिद्धान्तशिरोमणि’ भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच पाटीगणिताचा भाग.

‘लीलावती’त स्वयंपाकघरातले एक उदाहरण आहे. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू या सहा रसांतून एक, दोन, तीन असे रस निवडून मिश्रणे किती होतील? उत्तर असे : एकेका रसाची ६, दोहोंची १५, तिहींची २०, चारांची १५, पाचांची ६ आणि साऱ्यांचे १, एकूण ६३. आता रसांच्या जागी परिघावरचे सहा बिंदू ठेवा. कोणतेही दोन बिंदू निवडले की एक रेषा मिळते, म्हणून रेषा १५. कोणतेही चार बिंदू निवडले की त्यांच्या चौकोनाचे दोन कर्ण आत एकदाच छेदतात, म्हणून छेदबिंदूही १५. आरंभी वर्तुळ अखंड, म्हणजे १ भाग असतो. प्रत्येक नवी रेषा एक भाग वाढवते, आणि वाटेत जितक्या रेषा ती छेदते तितके भाग आणखी वाढतात. तेव्हा १ अधिक १५ अधिक १५ मिळून ३१. भास्कराचार्यांनी वर्तुळाचे हे कोडे घातले नव्हते. पण ते सोडविण्यास लागणारे दोन्ही आकडे त्यांच्या षड्रसांच्या ताटात वाढून ठेवलेले आहेत.

मग पाचापर्यंत दुपटीचा भास का होतो? याचे उत्तर छंदःशास्त्रात मिळते, आणि तेथे माझ्यासारख्यालाही थोडे बोलता येते. लघु-गुरूंची मोजणी करण्यासाठी पिंगलाचा टीकाकार हलायुध याने दहाव्या शतकात ‘मेरुप्रस्तार’ समजावून दिला. त्यात आतील प्रत्येक घर वरच्या दोन घरांच्या बेरजेने भरते. चार अक्षरांची ओळ १, ४, ६, ४, १ अशी, बेरीज १६. पाच अक्षरांची १, ५, १०, १०, ५, १ अशी, बेरीज ३२. बिंदूंपेक्षा एक कमी अक्षरांची ओळ घ्यावी आणि तिची पहिली पाचच घरे मिळवावीत, की वर्तुळाचे भाग मिळतात. पाच बिंदूंपर्यंत ओळीत पाचांहून अधिक घरेच नसतात, म्हणून दुप्पट बरोबर येते. सहाव्या बिंदूला सहावे घर निर्माण होते आणि ते बाहेर राहते. पाचही अक्षरे गुरू असलेले ते एकटे वृत्त वगळले, की ३१ उरतात. सात बिंदूंना भाग ५७ होतात.

‘लीलावती’चा आपल्या शहराशी आणखी एक संबंध आहे. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये तिचा फारसी अनुवाद केला. चारच वर्षांनी, १५९१ मध्ये, अकबराचा वकील म्हणून तो राजा अली खानाकडे खानदेशात आला. मुलीच्या लग्नघटिकेचा आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याचा प्रसिद्ध प्रसंग त्याच्याच प्रस्तावनेत आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात त्याचा मागमूस नाही. गोड कथाही ३२ या उत्तरासारखीच असते : ती पटते, परंतु तपासावी लागते. स्वतः भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याया’त बजावले आहे, की उपपत्तीवाचून गणकाला विद्वत्सभेत प्रतिष्ठा नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही.

या लालबागेत उपपत्तीचा अर्थ शिकवायला कुंडी भंडारा पुरेसा आहे. १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराकडे आणले गेले. वर गोल कुंड्यांची रांग, खाली उतारावरून आपोआप वाहणारे पाणी. पहिल्या पाच कुंड्यांपर्यंत उतार जमला म्हणून सहावीपर्यंत जमेलच, असे मानून चालले असते तर पाणी मध्येच अडले असते.

आता ते ऋण. सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या आरंभी, एका शाळेत मोकळ्या तासाला मी हेच कोडे फळ्यावर घातले. मलाही उत्तर ३२ च वाटत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने आकृती काढून ३१ सांगितले. मी त्याला पुन्हा मोजायला लावले. त्याने मोजले आणि पुन्हा ३१ च सांगितले. वर्ग हसला, मीही हसलो. त्याने आकडा खोडून ३२ लिहिले. त्या रात्री घरी मी स्वतः आकृती काढली, तीन वेळा मोजली. दुसऱ्या दिवशी तो तास माझा नव्हता. पुढे मीही ती शाळा सोडली. त्या मुलाला तू बरोबर होतास हे सांगायचे राहून गेले.

म्हणून येथील शिक्षकबंधूंना एवढीच विनंती : मुलाचे उत्तर आपल्या अपेक्षेहून एकाने कमी आले, तर त्याला खोडायला सांगण्यापूर्वी आपणही एकदा मोजावे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही नीट मोजले असेल, तर खोडू नका.