संगणकातील ड्राइव्ह की स्वतंत्र प्लेअर? : चित्रपट-तबकडीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधाचे वर्ष, संशोधकाचे नाव आणि कंपन्यांमधील स्पर्धा यांची नोंद सविस्तर होते. मात्र ती वस्तू घरात आल्यानंतर तिचे काय झाले, याची नोंद क्वचितच आढळते. चित्रपटाची तबकडी विकत आणली. आता ती संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालावयाची की दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या स्वतंत्र प्लेअरमध्ये, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा व किमतीचा आहे. दुकानदारही त्याचे उत्तर त्याच दृष्टीने देत असे. वास्तविक तबकडी एकच, तिच्यावरील माहितीही एकच. तरीही ती वाचणारी ही दोन यंत्रे दोन भिन्न उद्योगांची अपत्ये होती आणि विकत घेतलेल्या चित्रपटावर ग्राहकाचा अधिकार किती, याविषयी त्या दोन उद्योगांची धारणा कधीच एक नव्हती. १९९३ पासूनच्या तीन दशकांत या निवडीचा अर्थ कसा बदलत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कुलूप नसलेली तबकडी

१९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता व जेव्हीसी या कंपन्यांनी व्हिडिओ सीडीचे, म्हणजेच व्हीसीडीचे, प्रमाणक निश्चित केले. एमपेग-१ पद्धतीने आकुंचित केलेले, पाल प्रणालीत ३५२ बाय २८८ बिंदूंचे चित्र, सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट या वेगाने. आणि एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटे. चित्राचा दर्जा व्हीएचएस फितीच्या आसपासचाच होता. हिंदी चित्रपटाला दोन, प्रसंगी तीन तबकड्या लागत. त्यामुळे मध्यंतर कोठे यावे हे दिग्दर्शकाऐवजी तबकडीची क्षमता ठरवू लागली.

त्याच सुमारास चीनच्या आन्ह्वी प्रांतातील हफेई शहरात वानयान या कंपनीने अमेरिकेतील सी-क्यूब कंपनीच्या चिपचा उपयोग करून व्हीसीडी प्लेअर बाजारात आणला. चित्राची उकल करण्याचे सारे काम त्या एका चिपमध्ये सामावले असल्याने इतर कारखान्यांनाही असे यंत्र जुळविणे अवघड गेले नाही आणि आशियातील बाजारपेठा स्वस्त प्लेअरने भरून गेल्या. संगणकाची स्थिती याच्या उलट होती. ४८६ प्रक्रियकाच्या संगणकाला हे चित्र स्वबळावर सलग दाखविणे झेपत नसे. त्यासाठी सिग्मा डिझाइन्सच्या रीलमॅजिकसारखे वेगळे कार्ड बसवावे लागे. पेंटियम प्रक्रियकाचा वेग वाढत गेला तशी ही गरज संपली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. व्हीसीडीवर कोणतेही सांकेतिक कुलूप नव्हते आणि प्रदेशाचे बंधनही नव्हते. नक्कल करणाऱ्यांनी त्याचा मनसोक्त फायदा घेतला, हे खरे. परंतु त्यामुळेच या काळात ड्राइव्ह की प्लेअर हा निखळ सोयीचा प्रश्न राहिला. कुटुंबाने एकत्र बसून पाहावयाचे असेल तर प्लेअर, एकट्याने पाहावयाचे असेल तर संगणक, एवढाच तो भेद होता.

दोन घरांत जन्मलेली डीव्हीडी

डीव्हीडीच्या जन्मकथेत संगणक उद्योगाचा वाटा निर्णायक होता. १९९५ च्या प्रारंभी सोनी-फिलिप्स यांची एक योजना आणि तोशिबा-टाइम वॉर्नर गटाची दुसरी, अशा दोन परस्परविसंगत तबकड्या पुढे आल्या होत्या. व्हीएचएस आणि बीटामॅक्स यांच्या झगड्याची पुनरावृत्ती होणार, असे चिन्ह दिसत होते. तेव्हा आयबीएम, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, ह्यूलेट-पॅकार्ड आदी संगणक कंपन्यांनी एकत्र येऊन, एकच तबकडी असेल तरच ती आम्ही स्वीकारू, अशी भूमिका घेतली. त्या दडपणाखाली १९९५ च्या सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. ४.७ गिगाबाइट क्षमतेच्या एकाच तबकडीवर चित्रपटही मावेल आणि संगणकाची माहितीही, हे सूत्र त्यातून सिद्ध झाले. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी प्लेअरची विक्री सुरू झाली.

चित्रपटसृष्टीला मात्र संगणक हा पाहुणा नकोसा होता. प्लेअर हे बंद खोके. त्यातून बाहेर पडते ते केवळ चित्र आणि ध्वनी. संगणकात तीच माहिती फाईलच्या रूपाने हाती येते आणि फाईलची नक्कल मुळाबरहुकूम होते. या भीतीपोटी १९९६ मध्ये सीएसएस ही ४० बिटांच्या किल्लीवर आधारलेली संरक्षण पद्धती तयार करण्यात आली. प्रत्येक परवानाधारक उत्पादकाला किल्ली देण्यात आली आणि परवान्याबरोबर अटीही आल्या. या पद्धतीची रचनाच दोन यंत्रांमधील भेद स्पष्ट करते. प्लेअरमध्ये वाचक आणि उकल करणारी चिप एकाच पेटीत असल्याने त्यांना परस्परांची खात्री पटविण्याची गरज नव्हती. संगणकात ड्राइव्ह एका कंपनीची, प्रणाली दुसऱ्या कंपनीची. म्हणून किल्ली देण्यापूर्वी ड्राइव्हने समोरच्या सॉफ्टवेअरची सांकेतिक ओळख तपासावी, अशी व्यवस्था करावी लागली. थोडक्यात, प्लेअरवर विश्वास होता आणि संगणकावर पहारा.

प्रारंभीच्या काळात संगणकाची बाजू तांत्रिकदृष्ट्याही लंगडी होती. एमपेग-२ चित्राची उकल करण्यासाठी क्रिएटिव्ह कंपनीच्या संचाप्रमाणे स्वतंत्र कार्ड लागत असे; पेंटियम-२ आल्यानंतरच पॉवरडीव्हीडी, विनडीव्हीडी अशी सॉफ्टवेअरे ते काम समाधानकारकपणे करू लागली. पाल प्रणालीतील सेकंदाला २५ चित्रचौकटी ६० हर्ट्झच्या संगणकीय पडद्यावर आणल्या की कॅमेऱ्याची संथ हालचालही किंचित अडखळत होई. दूरचित्रवाणी संचासाठीच घडविलेल्या प्लेअरला ही अडचण नव्हती. ज्याला केवळ चित्रपट पाहावयाचा होता, त्याने त्या काळी प्लेअर घेतला, तो योग्यच निर्णय होता असे म्हणावे लागते.

कुलूप तुटले ते कोठे?

ज्या दारावर पहारा होता तेथेच कुलूप तुटले. झिंग या कंपनीच्या संगणकीय प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये किल्ली पुरेशी झाकलेली नव्हती. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये डीसीएसएस हा लहानसा प्रोग्रॅम प्रसृत झाला. त्याच्याशी नाव जोडले गेलेला नॉर्वेतील योन लेक योहान्सन तेव्हा अवघा १५ वर्षांचा होता. लिनक्स प्रणालीवर डीव्हीडी पाहण्याची परवानाधारक सोयच त्या वेळी उपलब्ध नव्हती, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद होता. विकत घेतलेली तबकडी, विकत घेतलेली ड्राइव्ह, आणि तरीही चित्रपट पाहता येत नाही, ही अवस्था केवळ संगणकाच्या वाटेने जाणाऱ्याच्याच वाट्याला येत होती. ऑस्लो येथील न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये योहान्सनला निर्दोष ठरविले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला.

अमेरिकेत निकाल उलटा लागला. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने तांत्रिक संरक्षण भेदणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरविला होता. त्या आधारे न्यूयॉर्क येथील न्यायाधीश लुईस कॅप्लान यांनी ऑगस्ट २००० मध्ये ‘२६००’ या नियतकालिकाच्या प्रकाशकाविरुद्ध निर्णय दिला. नोव्हेंबर २००१ मध्ये अपिलीय न्यायालयाने तो उचलून धरताना एक विलक्षण मुद्दा मांडला. रास्त वापराचा हक्क म्हणजे आपल्याला सोयीस्कर अशाच तंत्राने नक्कल करण्याचा हक्क नव्हे. चित्रपटातील अंश हवा असल्यास पडद्यासमोर कॅमेरा धरूनही तो टिपता येतो, असा त्याचा आशय होता.

प्रदेश-संकेतांचे प्रकरणही याच काळातले. जगाचे सहा व्यापारी प्रदेश पाडण्यात आले; त्यांत अमेरिका पहिल्या आणि भारत पाचव्या प्रदेशात मोडतो. १ जानेवारी २००० नंतर निर्माण झालेल्या ड्राइव्हमध्ये हा निर्बंध यंत्रातच बसविण्यात आला. वापरकर्त्याला पाच वेळा प्रदेश बदलता येई. पाचव्या बदलानंतर ड्राइव्ह त्याच प्रदेशाची होऊन बसे. प्लेअरच्या बाबतीत मात्र गंमत अशी की, अनेक स्वस्त प्लेअरमध्ये दूरनियंत्रकावरील ठरावीक बटणे दाबून हे बंधन उठविता येत असे. ज्या बंद पेटीवर चित्रपट कंपन्यांचा विश्वास होता, तीच या बाबतीत मोकळी निघाली. परदेशस्थ भारतीयांसाठी निघणाऱ्या हिंदी चित्रपटांच्या अनेक डीव्हीडींवर तर प्रदेशाचे बंधनच नसे, कारण त्यांचा प्रेक्षक न्यू जर्सीपासून दुबईपर्यंत विखुरलेला होता. मात्र अमेरिकेतून हॉलिवूडच्या तबकड्या पुण्या-मुंबईस आणणाऱ्यास आपली ड्राइव्ह कोणत्या प्रदेशाला वाहावी, हे ठरवावे लागे.

वर्गातील पडदा

महाविद्यालयीन अध्यापनाशी या प्रश्नाचा संबंध अधिक निकटचा आहे. चित्रपटाचा अभ्यास शिकविताना संपूर्ण चित्रपट नव्हे, तर दोन मिनिटांचा प्रसंग, आणि त्यालगत दुसऱ्या दिग्दर्शकाचा तसाच प्रसंग दाखवावा लागतो. प्लेअरवर हे काम कंटाळवाणे होते. तबकडी घातली की कायदेशीर इशारा व कंपनीची बोधचिन्हे पाहणे भाग पडे; ती ओलांडण्याची बटणेच तबकडीवरील आज्ञेने निष्क्रिय केलेली असत. अशा चार तबकड्या बदलेपर्यंत तासिकेचा मोठा भाग खर्ची पडे. संगणकाच्या ड्राइव्हमधून हवे तेवढे अंश आधीच काढून ठेवणे हा स्वाभाविक उपाय. पण अमेरिकेत तोच बेकायदा होता.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील चित्रपट अभ्यासक पीटर डेचर्नी आणि त्यांचे सहकारी यांनी सवलत मागितली, तेव्हा २००६ मध्ये ती केवळ चित्रपट व माध्यम विभागांच्या प्राध्यापकांना देण्यात आली. म्हणजे चित्रपटाच्या प्राध्यापकाने अंश काढला तर कायदेशीर आणि शेजारच्या वर्गात इतिहासाच्या प्राध्यापकाने तोच अंश काढला तर बेकायदा! २००९ च्या सुनावणीत ही सवलत वाढविण्यास विरोध करताना चित्रपट उद्योगाच्या संघटनेने, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चाललेला चित्रपट कॅमेऱ्याने कसा टिपता येतो, याचे प्रात्यक्षिकच सादर केले. आठ वर्षांपूर्वी न्यायालयाने सुचविलेला मार्ग आता गांभीर्याने अध्यापनाचे साधन म्हणून पुढे करण्यात आला होता. तो हास्यास्पद होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. छटा आणि प्रकाशयोजना शिकविणाऱ्याने पडद्याचे छायाचित्रण दाखवावे, ही अपेक्षा त्या विषयाचीच थट्टा होती. २०१० मध्ये सवलत सर्व महाविद्यालयीन प्राध्यापकांना मिळाली.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत असे संरक्षण भेदण्याविषयी कॉपीराइट कायद्यात स्वतंत्र तरतूद नव्हती. त्या वर्षी आलेल्या कलम ६५अ ने दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली. मात्र कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी केलेली कृती त्यातून वगळली. अशा कामी साहाय्य करणाऱ्याने संबंधिताच्या नावपत्त्याची व कारणाची नोंद ठेवावी, एवढी अट घातली. अमेरिकी तरतुदीच्या तुलनेत ही भूमिका अध्यापकाच्या दृष्टीने निश्चितच उदार आहे. तथापि त्या सुमारास भारतीय बाजारात किंमत हाच मोठा घटक ठरून गेला होता. मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा नक्कल करण्याचे आर्थिक कारणच क्षीण झाले. कुलपापेक्षा किंमत अधिक परिणामकारक ठरते, याचा एवढा बोलका दाखला अन्यत्र सापडणे कठीण. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली.

ड्राइव्हचे निर्गमन

२००८ मध्ये ॲपलने मॅकबुक एअर हा ड्राइव्ह नसलेला संगणक आणला. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज-८ मधून डीव्हीडी चालविण्याची अंगभूत सोय वगळली. परवान्याचा खर्च सर्व ग्राहकांवर का लादावा, हा त्यामागील हिशेब होता. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून वाढलेले व्हीएलसी हे विनामूल्य सॉफ्टवेअर ती उणीव भरून काढीत होते.

२०१६ मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकडीने जुना प्रश्न अधिक तीव्र रूपात पुन्हा उभा केला. तिच्यासाठी प्लेअर तत्काळ मिळू लागले. संगणकाची पाळी २०१७ मध्ये आली आणि तीही कडक अटींवर. अधिकृत मार्गाने ही तबकडी पाहण्यासाठी मान्यताप्राप्त ड्राइव्ह, परवानाधारक सॉफ्टवेअर, संरक्षित जोडणी असलेला पडदा आणि इंटेलच्या प्रक्रियकातील एसजीएक्स हे सुरक्षा-वैशिष्ट्य, एवढे सर्व एकत्र यावे लागे. पुढे एसजीएक्समध्येच सुरक्षेच्या त्रुटी आढळत गेल्या आणि घरगुती संगणकांसाठीच्या अकराव्या पिढीपासून इंटेलने ते काढून टाकले. ही बाब २०२२ च्या प्रारंभी सर्वत्र चर्चिली गेली. ज्यांनी नियमाप्रमाणे सर्व साधने विकत घेतली होती, त्यांनी प्रक्रियक बदलला की त्यांच्या तबकड्या संगणकावर दिसेनाशा झाल्या. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या सायबरलिंक कंपनीचा सल्ला जुनाच प्रक्रियक ठेवावा असा होता. प्लेअर घेतलेल्याची तबकडी मात्र चालू राहिली. परंतु त्या बाजूलाही नामांकित ओप्पो डिजिटल कंपनीने २०१८ मध्येच प्लेअरचे उत्पादन थांबविले होते आणि तिचे जुने प्लेअर त्यानंतर मूळ किमतीहून चढ्या भावाने विकले जाऊ लागले.